खाटेवरची नवी चादर

पनवेल, १२ फेब्रुवारी १९९१, मंगळवार

रविवारच्या कार्यशाळेला बाहेरगावचे पाच प्राध्यापक येतायत. स्टँडजवळच्या लॉजवर ढेकूण, म्हणून त्यांना ओळखीच्यांच्या घरी उतरवतोय. लेलेकाकूंनी आज हौसेने माडीवरची खोली दाखवली. खाटेवर नवी चादरसुद्धा घातली होती. मग विचारलं, "पाहुण्यांचं आडनाव काय?"

कांबळे, म्हटलं.

"आमचं काही नाही हो, पण सासूबाईंचं सोवळं असतं." बोलताबोलताच त्या चादरीची घडी घालायला लागल्या. आणि मी? "हरकत नाही काकू, दुसरीकडे बघतो." वर चहाही पिऊन आलो.

कांबळेसरांना आता काय थाप मारायची, हे जुळवतच घरी पोचलो, तर टपालात त्यांचंच कार्ड. "माझी सोय लॉजवरच करा, कुणाच्या घरी नको. मागे एकदा यजमानांची फार पंचाईत झाली होती."

म्हणजे आमची पंचाईत नको म्हणून त्यांनी आपणहून ढेकणांत झोपायचं! चादरीची ती घडी डोळ्यांपुढून हलत नाही. पण इथे तरी खरं लिहावं. कार्ड वाचल्यावर आधी लाज नाही वाटली. हायसं वाटलं.