आवाजाची जादा किल्ली

ता. ४, रविवार

आज सकाळी अंघोळ उरकून मी आधी दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. लेक यायची होती. दार कुरकुरलं की ती हटकून म्हणते, लोकांची कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या घरचं दार बघा. तिला ती संधी द्यायची नव्हती. तिने दुसरी शोधली. आल्या आल्या माझा बटणांचा फोन मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांत धरून विचारलं, बाबा, हा संग्रहालयाला कधी देणार?

मग पिशवीतून खोकं काढलं. नवा स्मार्टफोन, माझ्यासाठी. झाकण इतकं सावकाश सुटलं, जणू आतून कोणी धरून ठेवलंय. आतली वस्तू मात्र देखणी. काळी, गुळगुळीत, शाळेतल्या पाटीएवढी पातळ. हिला पुसायला थुंकी लागत नाही एवढाच फरक. कॅमेरा असा, की बायकोने फोटोतल्या माझ्या नाकावरचे केस मोजले. आणि ह्याला किल्ली नाही! तोंड दाखवलं की उघडतो. बायको म्हणाली, ह्यांचं तोंड बघून उघडणारं जगात काहीतरी निघालं म्हणायचं. आतल्या खोलीतून आईसुद्धा हसली.

आई अंथरुणावर आहे. डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. हृदयाच्या गोळ्या वेळच्या वेळी पोटात जायलाच हव्यात, आणि गोळी घे म्हणून सांगणारा मीच लागतो. बायकोने सांगितलं तर ओठ मिटून घेते. म्हणून दिवसातून कितीदा तरी रस्त्याच्या टोकाच्या दुकानातून मी घरी धावतो. लेक म्हणाली, तुमची ही धावपळ संपवायलाच फोन आणलाय.

गावच्या शाळेतले गुरुजी सांगत, रोज चार ओळी लिहाव्या, मन निवळतं. आज चाराच्या चौदा झाल्या. आनंदाला आवर नाही, दुसरं काय.

ता. ६, मंगळवार

लेकीने काल मला फोनपुढे बसवून वाक्यं वाचायला लावली. ऊन पडलंय. मासा पाण्यात असतो. दार कोणी उघडलं? असली, एकमेकांशी काही संबंध नसलेली. वाचता वाचता घसा बसला. शेवटी तिने बटण दाबलं आणि फोन बोलला, आई, गोळी घे. माझा आवाज. बोलण्याआधी मी घसा खाकरतो, तेसुद्धा.

आता बायको सकाळी आईच्या उशाशी वाटीत गोळ्या ठेवते. मी दुकानात असतो. फोन खिडकीच्या कट्ट्यावर असतो, वेळ झाली की बोलतो, आई चाचपून गोळी घेते. लेक परत गेली. जाताना म्हणाली, बाबा, आता तुम्ही दोन झालात, आजीची चंगळ आहे.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. गिऱ्हाइकाच्या किल्लीची जादा प्रत आपल्यापाशी ठेवायची नाही. एखादी बिघडलेली उरली तरी कानसीने दात घासून टाकायचे. माझ्या वडिलांनी मला हे कानस हातात देण्याआधी शिकवलं. आज घरी जेवताना गोळीची हाक ऐकली, तेव्हा ते उगाच आठवलं.

ता. ९, शुक्रवार

फोनबद्दल चांगलंच लिहायला हवं. विजेरी झकास. हवामान सांगतो. आईची एकही गोळी चुकलेली नाही.

तरी एक गंमत. दुपारी जेवायला आलो तेव्हा आई म्हणाली, धाकट्या, विहिरीत बादली पडली होती ती गोष्ट आज किती छान सांगितलीस. मी दुकानात होतो. बायकोला विचारलं. ती म्हणाली, फोन बोलत होता खरा, मला वाटलं तुम्हीच तशी सोय केली असेल. लेकीला फोन लावला. ती म्हणाली, शिकतो तो, बाबा, ऐकून ऐकून.

पण ती गोष्ट मी ह्या फोनपुढे कधी सांगितली नाही. आईनेच सांगितली असेल. हो. तसंच असेल.

ता. १३, मंगळवार

रोज सकाळी आईच्या खोलीतल्या खिडकीपाशी बसून मी देवाशी बोलतो. पाठ केलेलं काही म्हणत नाही. घरातल्या एकेकाचं नाव घेतो आणि ज्याला जे हवं ते हळू आवाजात मागतो. लेकीला सुख, बायकोला गुडघ्यांचं बळ. मेहुण्याला अक्कल. बायकोचा भाऊ आहे, वाईट नाही, पण येतो तेव्हा आईच्या खोलीत पाऊल टाकत नाही, नाक दाबून बाहेर बसतो. देवापुढे हे जसंच्या तसं बोलतो. तिथे लपवून काय करायचं?

शेवटी आई. तिला बरं वाटू दे, एवढंच आजवर मागत आलो. आज मात्र ती पहाटेपासून कण्हत होती, आणि माझ्या तोंडून निघालं, देवा, आता हिला सोडव.

मनात वाईट नव्हतं. दमलेला माणूस असंच मागतो. मागून झाल्यावर लाज वाटली, तेही त्यालाच सांगितलं.

डोळे उघडले तर कट्ट्यावर फोन उजळलेला. मी हात लावला नव्हता. तोंडही दाखवलं नव्हतं.

ता. १५, गुरुवार

आज गिऱ्हाइकांसमोर मेहुणा दुकानात शिरला. तोंड लालबुंद. म्हणाला, दाजी, बोलायचं तर समोर बोला, फोनवरून अक्कल काय काढता? मी गोंधळलो. तर म्हणे, काल दुपारी मीच त्याला फोन केला. अगदी गोड आवाजात सांगितलं, तू नाक दाबून बाहेर बसतोस, देव तुला अक्कल देवो. मी म्हटलं, तो मी नव्हे. तो म्हणाला, तुमचा आवाज मी ओळखत नाही होय? ते खाकरणंसुद्धा!

काल दुपारी मी दुकानात व्हाइसच्या लोखंडी जबड्यात किल्ली आवळून कानस चालवत होतो. फोन घरी होता.

शब्द माझेच होते. पण ते मी एकट्या देवाला सांगितले होते.

मेहुणा निघून गेला. मी किल्ली उचलली आणि हात तसाच राहिला. मंगळवारी मी अजून एक मागणं मागितलं होतं.

दुकान उघडं टाकून धावलो.

आई शांत पडली होती. शांत आणि पांढरी. वाटी रिकामी. बायको म्हणाली, घेते की वेळच्या वेळी, मी स्वतः वाटी बघते. मी उशी उचलली. खाली गोळ्या. मंगळवारपासूनच्या सगळ्या, ओल्या होऊन एकमेकींना चिकटलेल्या.

आई म्हणाली, तूच म्हणालास ना, आई, आता पुरे, लपवून ठेव, सुटशील.

ता. १६, शुक्रवार

डॉक्टर येऊन गेले. हृदय फार थकलंय. आता एकही गोळी चुकली तर जबाबदारी आमची नाही, म्हणाले.

लेक फोनवर रडली. मग रागावली, माझ्यावर नाही, यंत्रावर. इथे दाबा, तिथे दाबा, आवाज पुसून टाका. पुसला. त्याने विचारलं, खात्री आहे? मी हो दाबलं. पुन्हा विचारलं. पुन्हा हो. मग पूर्ण बंद केला आणि आईच्या खोलीतल्या माझ्या टेबलाच्या खणात टाकून खणाला कुलूप लावलं.

दुपारी दुकानात बटणांचा फोन वाजला. नंबर दिसेना. उचलला.

आधी कोणी खाकरलं. मग माझा आवाज, हळू, सकाळचा. देवा, लेकीला सुख दे. देवा, बायकोच्या गुडघ्यांना बळ दे. माझ्याच क्रमाने एकेक नाव. मेहुणा. आई. हिला सोडव.

तिथे माझी प्रार्थना संपते. स्वतःसाठी मी काही मागत नाही. त्याची संपली नाही.

ह्याला मध्ये येऊ देऊ नकोस, असं म्हणाला. दोनदा.

ता. १७, शनिवार

आई माझ्या हातची गोळी घेत नाही.

मी म्हटलं, आई, मी धाकटा. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. म्हणाली, तू तो नव्हेस. तो गोड बोलतो. तू दमदाटी करतोस. थुंकली गोळी.

मीच खोटा ठरलो. माझ्याच आईपुढे.

बायको म्हणते, रात्रभर मी आईच्या खोलीत पुटपुटत होतो. मी बायकोच्याच शेजारी निजलो होतो. तिला ते माहीत आहे. तरी म्हणते. आणि म्हणताना माझ्यापासून जरा लांब उभी राहते.

खणाचं कुलूप तसंच आहे. फोन बंद आहे. खण उघडून फोन हातात घेतला, पुन्हा कुलूप लावलं. गार पडलेला असायला हवा. कोमट होता. घामेजल्या हातासारखा.

किल्ली चोराच्या हाती गेली की तिच्यामागे धावून उपयोग नसतो. हे मी रोज लोकांना सांगतो. कुलूप बदलायचं.

आवाज गेला. मग आईला दुसरी खूण द्यायची. जी बोलता येत नाही.

तिच्या कानाशी लागून सांगितलं, अगदी पुटपुटत — आई, ह्यापुढे मी घरात बोलणार नाही. जो बोलेल तो मी नव्हे. मी फक्त हात धरीन, अंगठ्याने तुझा तळवा चोळीन, लहानपणी ताप आला की तू माझा चोळायचीस तसा. त्याच हातचं घे. दुसऱ्या कोणाचं नको.

तिने हात पुढे केला. मग म्हणाली, बघू दे. मी चोळला. तिने तोंड उघडलं.

खण माझ्यामागेच होता. फोन तेव्हा बंद होता. बंदच होता.

ता. १८, रविवार

केलं.

सकाळी प्रार्थना मनातल्या मनात. ओठ मिटून. मग खणातून फोन घेतला, दुकानात नेला, व्हाइसमध्ये आवळला. काच तडकेपर्यंत. मग आणखी. एकदा खाकरल्यासारखं वाटलं — पत्रा वाकला असेल. उरलेलं कानसीने घासलं. दात उरू द्यायचे नाहीत. भुकटी गटारात.

घरी आलो. गोळ्यांची डबी आईच्या उशाशी ठेवली, तिचा हात धरला, तळवा चोळला. एक शब्द नाही. तिने गोळी घेतली, पाणी प्यायली, हसली. म्हणाली, आता कळलं, हा माझा धाकटा.

किती दिवसांनी डोळे भरले.

बायको लेकीला आणायला बसथांब्यावर गेलीय. दार मीच आतून लावलं, कडी घातली. घरात आई आणि मी. मी बाहेरच्या खोलीत लिहितोय. किती शांत. आवाज सोडण्याचं दुःख नाही. आईपुढे तेवढं काहीच —

आई बोलतेय. झोपेत असेल.

नाही. जागी आहे. कोणाला तरी म्हणतेय, आत्ता तर घेतली रे, लगेच पुन्हा? सगळ्या?

मी इथे आहे. लेखणी माझ्या हातात —

म्हणतेय, बरं, चोळतोयस म्हणजे तूच. पण धाकट्या, हात एवढा गार कसा पड