चार नंबरच्या दाराचा दांडा

१ सप्टेंबर २००८, सोमवार

लागले एकदाची नोकरीला! सकाळच्या एसटीने घोटीहून आले. सोबत एक ट्रंक, आईने दिलेला लाडवांचा डबा आणि ही नवी वही. इंदिरानगरला लताबाईंकडे खोली मिळाली आहे. त्यांचा फुलांचा मळा, त्यामुळे अंगणात क्रेटच क्रेट, पाय कुठे ठेवायचा हा प्रश्न. खोली दाखवायच्या आधी त्यांनी मला जेवायला बसवलं आणि इंजिनियर बाई नेमकं करते काय, ते खोदून खोदून विचारलं. सगळं ऐकून म्हणाल्या, म्हणजे वॉचमनच की गं तू.

तसंच आहे म्हणा. अंबडच्या शीतगृहात सहा खोल्या आहेत. थंडी मोजणारे सेन्सर, पंखे, दारांची विजेची कुलपं, सगळं एका डब्याला जोडलेलं आणि तो डबा इंटरनेटला. शेठ मुंबईत बसून खोलीतली थंडी बघतात, वाटलं तर आकडा बदलतात. शेठना बदलता येतो तर एखाद्या चोरालाही येईल. त्या चोराला बाहेर ठेवायचं, हे माझं काम.

नोकरी वाल्मीकदादामुळे लागली. तो आमच्याच आळीतला. सख्खा नाही, पण सातवीपासून मी राखी त्यालाच बांधते. गणित त्याने शिकवलं, कॉलेजचा फॉर्म त्याने भरला. इथला सगळा कारभार तोच बघतो, डबाही त्यानेच बसवलाय. आज पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला की ही माझी बहीण, हिला कुणी त्रास दिला तर माझ्याशी गाठ आहे. मी लाजले, पण अंगावर मूठभर मांस चढलं.

८ सप्टेंबर

काम मजेचं आहे. मशिनघर सांभाळतात ते मोतीरामकाका. त्यांचा डब्यावर काडीचा विश्वास नाही. प्रत्येक खोलीत त्यांनी जुना काचेचा थर्मामीटर टांगलाय आणि दर दोन तासांनी बाहेरच्या भिंतीवर खडूने आकडा लिहितात. मी हसले तर म्हणाले, हसा बाई, पर काच लाच खात नाय.

चार नंबर सोडून सगळ्या खोल्या पाहिल्या. चारमध्ये हमाल एकटे जायला तयार नाहीत. मागच्या दसऱ्याला साई नावाचा मुलगा त्या खोलीत मेलेला सापडला. माझ्याच जागेवर होता तो! दादा मला हे बोलला नव्हता. उगाच घाबरशील म्हणून नाही बोललो, असं आज म्हणाला.

१५ सप्टेंबर

चार नंबर पाहिली. इतरांसारखीच खोली, कपाटाएवढं जाड दार. दाराच्या आतल्या बाजूला एक पितळी दांडा खोबणीत बसवलेला असतो. तो ढकलला की दार उघडतं, मग कुलूप लागलेलं असो की वीज गेलेली असो. मी पाच वेळा ढकलून बघितला. मोतीरामकाका दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, दांडा जाग्यावर व्हता वो, मंग पोरानं ढकलला का नाय? म्या गावाला गेल्तो, दुसऱ्या दिशी आलो तं हे असं. डब्याच्या नोंदीत होतं की थंडीचा आकडा साईनेच खाली नेला. जीव दिला, असं ठरलं.

त्याची आई अजून येते म्हणे अधूनमधून. फाटकापाशी बसते आणि जाते.

१९ सप्टेंबर

लताबाईंची चाळीस क्रेट फुलं चार नंबरमध्ये खराब झाली. डब्याची नोंद सांगते की दिवसभर तीन अंश. काकांचा खडू सांगतो की दुपारी चार वाजता चौदा. खडू खरा निघाला. कुणीतरी बाहेरून शिरलं, आकडा वर नेला आणि नंतर नोंद पुसली. पण मी खालच्या थरातली दुसरी नोंद शोधून काढली. शिरणाऱ्याचं नाव तिथे होतं.

साई.

मेलेल्या माणसाचं खातं अजून चालू आहे. महिन्यातून तीन-चारदा, दुपारीच. खराब ठरलेला माल दर वेळी एकच व्यापारी मातीमोलाने उचलतो.

भुताला पासवर्ड लागत नाही, मी स्वतःला बजावलं. साईचं खातं बंद केलं. सगळे पासवर्ड बदलले. प्रत्येक दाराशी, आतून आणि बाहेरून, आकडे-अक्षरं दाखवणारी एक छोटी पट्टी बसवून घेतली. खोलीतली थंडी आणि आकडा कुणी बदलला त्याचं नाव त्या पट्टीवर दिसेल. आता ये म्हणावं!

२२ सप्टेंबर

दादाने पाठ थोपटली. नवे पासवर्ड मागितले, माझाही. एखाद्या दिवशी तू रजेवर असलीस तर काय करायचं, म्हणाला. कागदावर लिहून दिले. पुस्तकात लिहिलंय की कुणालाही देऊ नये. पुस्तकाला भाऊ नसतो.

२ ऑक्टोबर

सुटी होती तरी गेले. बरं झालं गेले. पावणेचारला चार नंबरचे पंखे मंदावले. पट्टीवर नाव आलं, साई. बंद केलेलं खातं कुणीतरी आतून पुन्हा उघडलं होतं. त्यासाठी नवा पासवर्ड लागतो.

नवे पासवर्ड दोघांनाच ठाऊक आहेत. मला आणि

नाही. असं लिहायचंसुद्धा नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

लिहायचंच. माल उचलणारा व्यापारी वाल्मीकदादाचा मेहुणा आहे. लताबाईंनी सहज सांगितलं, भाजी निवडता निवडता. त्यांना वाटलं मला माहीत असेल.

रात्रभर डोळा लागला नाही. मला गणित शिकवताना तो चुकीच्या उत्तरावर कधी ओरडला नाही. पुन्हा करून बघ, एवढंच म्हणायचा. मी पुन्हा पुन्हा करून बघितलं. उत्तर तेच येतंय.

६ ऑक्टोबर

तोंडावर विचारलं. तो रडला. खरंच रडला, माझ्यासमोर खुर्चीत बसून. मेहुण्याच्या दबावाखाली केलं म्हणाला. फक्त मालाचं केलं, साईचं काही ठाऊक नाही म्हणाला. दसऱ्याला शेठ येणार आहेत, तेव्हा दोघं मिळून जाऊ, तोवर कुणाशी बोलू नकोस. डोक्यावर हात ठेवला.

मी हो म्हणाले. मन हलकं झालं. तो चुकला आहे, पण माझा आहे.

७ ऑक्टोबर

उद्या खंडेनवमी. मशिनं धुतली, पाने आणि पक्कड पुसून ठेवले. उद्या हत्यारं पूजेला मांडली की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. दादा म्हणाला, चार नंबरचा दांडाही मांडू, त्या खोलीची शांत होऊ दे एकदाची. मला ते पटलं. साईसाठी काहीतरी केल्यासारखं वाटलं. दांडा मीच ओढून काढला, मीच चिंचेने घासला. सोन्यासारखा लखलखतोय.

८ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी अकराला पूजा झाली. पान्यांना हळदकुंकू, डब्याला झेंडूचा हार. दादा हसून म्हणाला की तुझी हत्यारं कुठायत, मांड. माझा लॅपटॉप आणि मोबाइलही मांडले. दांडा मधोमध, त्याच्या खाचेतही हळदकुंकू. एक वाजता सगळे घरी गेले. मोतीरामकाकांना दादाने गावाला जायला सुटी दिली. ते खूश. म्हणाले, दादा लय चांगले, गेल्या सालीबी दिली व्हती.

जाताना दादा म्हणाला की चार नंबरमधला सेन्सर निसटलाय, तेवढा बघून जा. उद्याचा लताबाईंचा झेंडू आहे आत.

दुपारी २.१०

सेन्सर निसटलेला नाही. आकडे उतरवायला ही वही आणि पेन्सिल हातात होती म्हणून लिहितेय. दार बंद झालं. कुलपाचा आवाज आला. आत पट्टी आहे, दिवा आहे. तीन अंश.

खोबण रिकामी आहे.

गेल्या सालीबी दिली व्हती.

साईनेही दांडा मांडला असेल. त्यालाही कुणीतरी हसून सांगितलं असेल. मग सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन — दांडा पुन्हा जागेवर —

२.४०

उणे एक. ओरडले. बाहेर कुणीच नाही, सुटी आहे. दारावर क्रेट आपटले. पेन्सिल खोबणीत घालून बघितली, टोक मोडलं. दातांनी सोललं.

पट्टीवर नाव आलंय. मला वाटलं साई असेल.

रूपाली.

माझं नाव. माझा पासवर्ड. मीच लिहून दिला, कागदावर, ठळक अक्षरांत. आता नोंदीत हेच राहील, की मीच आकडा खाली नेला. पुढच्या वर्षी दुपारी माल खराब करायला कोण शिरेल तेही कळलं. मी शिरेन.

३.२०

उणे सात. बोटं वाकत नाहीत. झेंडू अंगावर पसरला, थोडी ऊब — नाही.

रडले की पापण्या चिकटतात.

दादा, सातवीपासून. सातवीपासून रे.

३.५० असेल

उणे तेरा. आई फाटकापाशी बसेल. तिला सांगा मी जीव नाही दिला. मोतीरामकाका, सकाळी दांडा जागेवर दिसेल — हळदकुंकू — खाचेतलं हळदकुंकू बघा, तो पूजेत होता — काच लाच खात नाय, भिंतीवर लिहा —

वही इथे सापडली तर तोच उचलेल. सगळ्यांच्या आधी तोच येतो.

लताबाईंच्या क्रेटमध्ये ठेवते. खालच्या. फुलांखाली.

लताबाई, फुलं काळी पडली असतील. क्रेट फेकू नका. मेहुण्याला देऊ नका. घरी न्या, अंगणात उलटा करा, तळाशी