समर्थची खुर्ची आणि मामाची मांडी

राहुरी,
सोमवार, दुपार

ती. राधाकृष्णदादा यांच्या चरणी धाकट्या बनूचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे आठातली तीनच अंगं टेकतात, बाकीची टेकली असं समजून घ्यावं).

तुमचा खोकला गेला की अजून मुक्कामाला आहे? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि आता त्यांना ज्वारीतले खडे आणि तुमच्या सदऱ्यावरचे चहाचे डाग दोन्ही स्पष्ट दिसतात, असं तुमच्या सूनबाईंकडून, धनश्रीकडून, कळलं. फोन करून विचारलं असतं, पण तुम्ही फोन कानाला न लावता दाढीच्या आरशासारखा तोंडापुढे धरता, 'कोण बोलतंय' असं तीनदा विचारता आणि मग तो नातवाच्या हातात देता. पोस्टात चौतीस वर्षं काढलेल्या बाईनं पत्र लिहावं हेच बरं. स्पीड पोस्टानं पाठवते आहे, बुधवारी कर्जतला पोचेल. न पोचल्यास कळवावं, तिथला पोस्टमास्तर माझ्या हाताखाली शिकलेला आहे.

इकडे सर्व कुशल आहे, म्हणजे आज दुपारी तीनपर्यंत आहे. पुढचं रविवारनंतर कळवता येईल. रविवारी आपल्या मळ्यातल्या खंडोबापुढे माझ्या ज्ञानेश्वरच्या समर्थचं जावळ काढायचं हे तुम्हीच ठरवलंत आणि न्हाव्यालाही तुम्हीच सांगून ठेवलंत. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. अकरा महिन्यांच्या मुलाच्या डोक्यावर वस्तरा फिरणार याचीसुद्धा मला भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती राहुरी ते कर्जत या शंभरावर किलोमीटरांची.

गाडीपासून सुरुवात करते. दिवाळीत ज्ञानेश्वरनं नवी गाडी घेतली, पेढे तुम्हाला पोचले होते (तुम्ही शुगर असून चार खाल्लेत हेही इकडे पोचलं). गाडीला सहा एअरबॅगा आहेत. शोरूममधला मुलगा बिचारा एकेक गोष्ट समजावून सांगत होता, धडक झाली तर ही पिशवी इथून फुगते, ती तिथून फुगते, लहान मुलाची खुर्ची अडकवायला मागच्या सीटला या दोन कड्या आहेत. आमच्या मंडळींनी ते सगळं सत्यनारायणाच्या कथेसारखं ऐकलं, म्हणजे हात जोडून आणि लक्ष प्रसादाकडे ठेवून. प्रसाद म्हणजे सनरूफ. छप्पर सरकून आभाळ दिसलं तेव्हा सगळ्यांचे चेहरे जे उजळले, ते सहा एअरबॅगांना मिळून एकदाही उजळले नव्हते. मग चारी चाकांखाली लिंबं चिरडली, नारळ फोडला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, पुढे काळी बाहुली टांगली, आणि सुरक्षिततेचं काम संपलं. सीटवरचं प्लॅस्टिक अजून तसंच आहे. बेल्टच्या घासण्यानं ते फाटतं, म्हणून बेल्ट लावायचा नाही.

बेल्ट न लावता निघालं की गाडी टुंग टुंग करते. ज्ञानेश्वरनं ते दोन दिवस ऐकून घेतलं (मी त्याला अडतीस वर्षं सांगते आहे, मला सलग दोन दिवस कधी मिळालेले नाहीत) आणि तिसऱ्या दिवशी नगरच्या कुठल्याशा दुकानातून लोखंडाचं एक पातं आणलं. बेल्टच्या खाचेत ते खुपसलं की गाडीला वाटतं माणसानं बेल्ट लावला. पात्यावर ॐ कोरलेला आहे. म्हणजे फसवायचं गाडीला आणि साक्षीला देव. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये एकीनं दुसरीची हजेरी लावली तर सिस्टर दोघींना व्हरांड्यात उभं करायच्या. इथे खोटी हजेरी लावणारं यंत्र दुकानाच्या दारात माळेसारखं टांगून विकतात. चौकात पोलिस दिसला की आमचे चिरंजीव बेल्ट उपरण्यासारखा खांद्यावर ओढतात आणि चौक मागे पडला की सोडतात. या गाडीत मुलांच्या सुरक्षिततेची एकच सोय नियमितपणे वापरली जाते, ती म्हणजे मागच्या दारांचं चाइल्ड लॉक. तेही माझ्यासाठी. (एकदा बायपासवर सिग्नलला उतरून मी शेजारच्या मोटरसायकलवाल्याला, पेट्रोलच्या टाकीवर बसवलेल्या पोराबद्दल, दोन शब्द ऐकवले होते. त्यानंतर माझं दार बाहेरूनच उघडतं.)

आता जे सांगणार आहे ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, आणि वहिनींनाही लगेच सांगू नका. दोन महिन्यांपूर्वी आम्ही सोनईला ज्ञानेश्वरच्या सासुरवाडीला निघालो होतो. संध्याकाळची वेळ. पुढच्या सीटवर मी आणि माझ्या मांडीवर समर्थ. होय, मीच. इतरांना नावं ठेवायला सगळ्यांत पुढे असणारी तुमची बनूच. रेश्मा, म्हणजे सूनबाई, मागे घेऊन बसते म्हणाली होती, तर मीच म्हटलं, राहू दे, आजीइतकं घट्ट कोण धरणार. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना लाल पट्टी, आणि त्याचं गाणं मात्र सोनईपर्यंत ऐकू जाईल एवढं. ज्ञानेश्वरला तो दिसला तेव्हा ब्रेक दाबण्यापलीकडे काही उरलं नव्हतं. गाडी थांबली. समर्थ थांबला नाही. माझ्या या हातांनी चौतीस वर्षं पार्सलं पेलली, दादा, एक कधी पडलं नाही. नऊ किलोचं पोर हातातून असं निघालं, जसा ओला साबण निघावा. कपाळ समोरच्या फळीवर आपटलं. क्षणभर तो रडलाच नाही. ते न रडणं मला अजून ऐकू येतं.

टेंगळावर निभावलं. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं आणि मग मला थंडपणे सांगितलं की वेग थोडा जास्त असता तर पुढची एअरबॅग फुगली असती, आणि ती ज्या जोरानं फुगते त्यात तुमच्या आणि तिच्या मधे हे बाळ होतं. एअरबॅग मोठ्या, बेल्ट लावलेल्या माणसासाठी असते. मूल मागेच बसवायचं, त्याच्या खुर्चीत, पट्ट्यांनी बांधून. मी घरी येऊन हे सगळ्यांना सांगितलं. त्यावर घरात काय झालं? समर्थची दृष्ट काढली. मग गाडीची काढली. मिरच्या चांगल्या तडतडल्या, त्यामुळे कारण सापडलं असं ठरलं (शेजारच्या बायडाबाईंनी दिवाळीत गाडीला हात लावून 'लई भारी' म्हटलं होतं). ट्रॅक्टरच्या दिव्याचं आणि माझ्या मांडीचं नाव कुणी घेतलं नाही.

मग मी माझ्या पेन्शनमधून समर्थला खुर्ची मागवली. मागच्या सीटला बसते, पाच पट्टे आहेत, डोक्याला दोन्ही बाजूंनी आधार आहे. ती आली त्या दिवशी गल्ली बघायला लोटली. बायडाबाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पोराच्या पाठीत काही हाय का? सांगा, आमी कुनाला न्हाई बोलनार." आमच्या विहीणबाई भागूबाई सोनईहून मुद्दाम आल्या. खुर्चीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "ताई, लेकरू हाय का वासरू? आमी चार वाढवली, एक बी बांधलं न्हाई." मी म्हटलं, तुमची चार वाढली तेव्हा तुमच्या दारात सायकल होती. त्या म्हणाल्या, "व्हय, अन् सायकलवर बी न्हाई बांधलं." या बाईंशी वाद घालणं म्हणजे पोस्टाच्या पेटीत हात घालून टाकलेलं पत्र परत काढणं आहे. हात अडकतो, पत्र मिळत नाही.

तरी खुर्ची बसवली. दोन आठवड्यांनी ज्ञानेश्वर, रेश्मा आणि समर्थ सोनईला जाऊन आले. मी गेले नाही, माझे गुडघे गेले नाहीत असं म्हणा. संध्याकाळी गाडी दारात लागली, मी कौतुकानं मागचं दार उघडलं, तर खुर्चीत लिंबाच्या लोणच्याची बरणी. पाचही पट्टे लावलेले, आणि डोक्याच्या आधाराला, म्हणजे झाकणाला, समर्थचं टोपडं. समर्थ पुढे, त्याला सोडायला आलेल्या विहीणबाईंच्या मांडीवर, हातात बिस्किट. मी काही बोलायच्या आतच विहीणबाई खाली उतरून म्हणाल्या, "ताई, खुर्ची लई झ्याक. एवढा खड्ड्यांचा रस्ता, पर थेंब सांडला न्हाई." ज्ञानेश्वर म्हणाला, "आई, बघ, तुझे पैसे वसूल झाले." दादा, मी तेव्हापासून ते लोणचं खाल्लेलं नाही. उत्तम झालंय म्हणतात. व्हायलाच हवं, त्या घरात सर्वांत सुरक्षित प्रवास त्यानंच केला आहे.

हे झालं मागचं. आता रविवार. जावळाला बाळ मामाच्या मांडीवर बसतं, हा मान मामाचा, हे मला मान्य आहे. पण आमच्या रेश्माचा भाऊ बिभीषण याचं म्हणणं असं की मान एकदा दिला की तो घरापासून दिला पाहिजे. तेव्हा तो शनिवारी सोनईहून येणार, रविवारी पुढच्या सीटवर बसणार, आणि समर्थ राहुरीपासून कर्जतपर्यंत त्याच्या मांडीवर. तुमच्या फाट्यावर सनरूफ उघडायचं, समर्थला फेटा बांधून वर उभं करायचं, खालून मामानं पाय धरायचे, आणि मळ्यापर्यंत हलगी वाजवत जायचं. याचं चित्रण करायला त्याचा मित्र मोटरसायकलवरून पुढे उलटा बसून जाणार आहे. ज्ञानेश्वर हसतो. रेश्मा घाबरते, पण भावाला बोलत नाही. माहेरचा मान आहे. मी डॉक्टरांचं सांगितलं, कायदा सांगितला, टेंगूळ दाखवलं (आता नुसती खूण आहे, पण मला दिसते). बिभीषण म्हणाला, "मावशी, मामा सोडनार न्हाई, टेन्शन घेऊ नका." मीही सोडणार नव्हते, दादा.

असो. थोरल्यांना किती लिहायचं. तुमचे आणि वहिनींचे आशीर्वाद असू द्यावेत. रविवारी गोड काय करणार आहात ते वहिनींना विचारून ठेवा, म्हणजे तुम्हाला काय खायचं नाही ते मला आल्या आल्या सांगता येईल. लहानांना पापे, गोठ्यातल्यांना माझी आठवण.

तुमची धाकटी,
बनू

ता. क. पोस्टात आम्ही म्हणायचो, खरं काम पाकीट चिकटवताना आठवतं. मागणं राहिलं. गुरुवारी संध्याकाळी विहीणबाईंचा तुम्हाला फोन येईल. तो कृपया स्वतः कानाला लावून घ्यावा. त्या विचारतील, तुमच्या घरात अशी रीत आहे का. तुम्ही 'आहे' म्हणायचं. रीत अशी: जावळाच्या दिवशी बाळानं खंडोबापुढे मामाच्या मांडीवर बसेपर्यंत दुसऱ्या कुणाच्याही मांडीवर बसायचं नाही, आणि मामाची मांडीसुद्धा वाटेत वापरायची नाही, नाहीतर मान वाटेतच संपतो. घरून निघताना बाळाला त्याच्या स्वतःच्या आसनावर बसवून बांधायचं, ते देवाच्या दारातच सोडायचं. छपरातून काढायचं नाही. पूर्वी बैलगाडीत टोपलीत दुपट्यानं बांधून नेत, तुम्हालाही तसंच नेलं होतं. (ही रीत मी परवा मेथी निवडताना तयार केली आणि विहीणबाईंना तुमच्या नावावर सांगितली. आपल्या अण्णांनी तुम्हाला शेती दिली आणि मला कॉन्व्हेंट. खोटं बोलायचं तर तुमच्या तोंडून बरं दिसतं.)

ता. क. दुसरा. आत्ताच विहीणबाईंचा फोन येऊन गेला. त्यांना आठवलं की त्यांच्या सासूबाईही हेच सांगायच्या. "आमच्याकडं बी हाय की, ताई. मधी इसरलो हुतो." बिभीषणला त्यांनी फोनवरच झापला, मामाची मांडी रस्त्यात उष्टी करतो म्हणून. खुर्चीला त्या मखमलीचं कापड आणि जरीची झालर शिवणार होत्या. पट्टे झाकायचे नाहीत, अशीही रीत असल्याचं मी सांगितलं. तेव्हा आता तुम्ही नाही म्हणालात तर मी खोटी ठरेनच, शिवाय त्यांच्या कै. सासूबाईही ठरतील.

ता. क. शेवटचा. जावळ झालं की मांडी मोकळी होते आणि परतीचा प्रवास पुन्हा उघडा पडतो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. पण एवढ्या लहान मुलाची खुर्ची मागे तोंड करून बसवतात. त्यामुळे मी विहीणबाईंना सांगितलं की देवाकडून निघताना देवाला पाठ करायची नसते. आपण सगळे करतो, समर्थ एकटा राहुरीपर्यंत खंडोबाकडे बघत येईल. त्यांना ते इतकं पटलं की डोळे पुसल्याचा आवाज आला. नंतर त्यांनी विचारलं, मग जाताना लेकराची पाठ देवाकडं हुईल, त्याचं काय? याचं उत्तर मला सुचलेलं नाही. मी म्हटलं, ते दादांनाच माहीत. गुरुवारच्या आत काहीतरी शोधून ठेवावं. फक्त कारण सांगू नका, कारणं मी दोन महिने सांगते आहे. रीत सांगा.