दोन अंगठ्यांचं काम

प्रिय दादा,

स्वतःचा फोन बंद, मावशीच्या फोनवर यायला तयार नाहीस, म्हणून हे पत्र. ‘चार दिवस मावशीकडे विश्रांतीला जातो’ म्हणालास, त्याला आज एकवीस दिवस झाले. दुकानात मी एकटी, आणि जो तो विचारतो, मोठे साहेब कुठे आहेत? काय सांगू, कपाळ माझं?

काल त्या नकाशे काढणाऱ्या बाई आल्या होत्या. त्यांना तू सांगितलंस ना, की मदरबोर्ड मुळातच खराब होता, रॅम वाढवता येणार नाही, नवा कॉम्प्युटर घ्या? जुना भंगारात देण्याआधी त्यातले नकाशे काढून घ्यायला आल्या बिचाऱ्या. मी कॅबिनेट उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. रॅमच्या स्लॉटची क्लिप मोडलेली, आतल्या पिना वाकलेल्या. रॅमची पट्टी तिरकी घालून वरून जोर केल्याशिवाय असं होत नाही. मला काय दुधखुळी समजलास?

आणि हे करणारा कोण, तर तू! पहिल्या वर्षी मी प्लग न काढता आत हात घातला, तर चार गिऱ्हाइकांदेखत माझी बिनपाण्याने केली होतीस. प्लग काढ, बटण दाबून उरलीसुरली वीज जाऊ दे, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लाव, पट्टी कडांनी धर, सोनेरी भागाला बोट नको, खाच जुळव आणि दोन्ही अंगठे सारखे दाब, टक्‌ होईपर्यंत. झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवेन.

बाईंना मी खरं सांगून टाकलं, चूक आमची आहे. ‘तीन आठवडे माझं काम अडलंय हो,’ म्हणून त्या कडाडल्या. मी मान खाली घालून ऐकलं. पलीकडचे दोन स्लॉट शाबूत होते, त्यांत पट्ट्या बसवल्या. सुरू झाला! त्यांचा सगळ्यात मोठा नकाशा झरकन उघडला, तशा बाई हसल्या. मी मात्र आत जाऊन तुझ्या नावाने बोटं मोडली.

मग त्यांची पावती शोधायला तुझा खण उघडला, तर डॉक्टरांची चिठ्ठी. चार महिन्यांपूर्वीची. उजव्या हाताला कंप, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावे. चार महिने, दादा! अर्धाच कप चहा का मागायचास, बारीक स्क्रू मलाच का काढायला लावायचास, ते आता कळलं. शेजारच्या स्टुलावर बसून मला दिसलं नाही, हा राग वेगळाच. मेंदूच्या डॉक्टरांची गुरुवारी अकराची वेळ घेतली आहे. बुधवारच्या बसने ये, नाहीतर दुकानाला कुलूप ठोकून मीच येते. बाईंची माफी मात्र तुझी तूच मागायचीस. डॉक्टर काय सांगतील, कुणास ठाऊक. भीती मलाही वाटतेय रे. पण घाबरायचंच असेल तर इथे येऊन, माझ्या शेजारी बसून घाबर.

तुझीच,
पुरती वैतागलेली धाकटी