टेम्पोची हाक

मैंदर्गी
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

श्री. फकीरभाई मिस्त्री यांस, ज्ञानूचा रामराम. वि. वि. की,

पत्राला फार उशीर झाला, राग मानू नका. लेक बिरुदेव टेम्पो तुम्हाला दाखवून आला त्याला पंधरा दिवस झाले. आहे तेच इंजिन उघडून बांधायचं की दुसरं बसवायचं, विचार करून कळवा म्हणाला होतात. मी विचारच करत बसलो. फोनवर मला सुचत नाही, समोरचा हॅलो हॅलो करतो तोवर मुद्दा निसटतो. चौथीपर्यंतच शिकलो, पण कागदावर बरं जमतं.

सव्वीस वर्षांची गाडी. तुम्हीच तिचं इंजिन दोनदा बांधलंत. आता चढ आला की तिला धाप लागते. गेल्या शनिवारी पाण्याची टाकी भरून येताना ओढ्यात बंद पडली. माळावर पाणी पोचेपर्यंत दिवस कलला. नुकत्या व्यालेल्या मेंढ्या तहानेनं आटल्या, दोन कोकरं गेली. बिरुदेव तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाही. लेकाचं म्हणणं एकच, आबा, बदला. आमची म्हाळसाबाई म्हणाली, म्हातारं झालं म्हणून काय माणूस बदलून आणता व्हय? मग माझ्याकडं बघून म्हणाली, मिळत असतं तर इचार केला असता.

माझी काळजी वेगळी आहे. गाडी बिरुदेव चालवतो, मेंढरांकडं मी असतो. पाण्याला त्यांना कुणी हाकत नाही. टेम्पो अजून खिंडीच्या पलीकडं असतो, मला काही ऐकू येत नाही, तेवढ्यात म्हाताऱ्या मेंढीचे कान उभे राहतात. मग सगळा कळप एका अंगाला वळतो, वाऱ्यानं ज्वारी वळते तसा. मग मला ऐकू येतं. चार ठोके आणि एक दम, चार ठोके आणि एक दम. मग मी उठून पाण्याच्या डोण्या मांडतो.

दुसरं इंजिन दुसऱ्या आवाजात बोलावणार. मेंढरं आलीच नाहीत तर? नात ऋतुजा हिनं टेम्पोचा आवाज मोबाइलात भरून माळावर वाजवला. एकाही मेंढरानं मान वर केली नाही. कुत्रं तेवढं उठलं, मोबाइल हुंगून परत निजलं. काल स्वप्नात इंजिन कळपात चरत होतं, त्याच्या अंगावर लोकर होती.

तुम्ही सांगाल तसं करू. शमशादवहिनींना आमची आठवण सांगा. आहे तशी माया राहू द्या.

आपला,
ज्ञानू


सोलापूर
मंगळवार, २५ फेब्रुवारी २०२५

श्री. ज्ञानूअण्णा यांस फकीरचा सलाम. वि. वि.

पत्र मिळालं. शमशादनं दोनदा वाचायला लावलं. तुमच्या स्वप्नातल्या इंजिनाची लोकर कातरून एक घोंगडं आम्हालाही पाठवा, असा तिचा निरोप आहे.

आता खरं सांगतो. क्रँक दोनदा घासलाय. बोअर शेवटच्या मापावर आहे, तिसऱ्यांदा मोठा करायला आत लोखंडच उरलं नाही. तुम्ही म्हणाल तर बांधून देईन, माझे हात थांबणार नाहीत. पण चार महिन्यांनी टेम्पो त्याच ओढ्यात पुन्हा बसेल, आणि कोकरं माझ्या नावावर जातील. इथं एका आवारात तुमच्या टेम्पोच्याच जातीची एक गाडी उभी आहे. मागून ठोकर बसलेली, इंजिन धडधाकट. मी स्वतः चालवून पाहिलं. मालक रविवारपर्यंत थांबतो म्हणालाय. रोजे सुरू होताहेत, पण दुपारपर्यंत हात चालतात. आठवड्यात बसवून देतो, नव्या इंजिनाच्या नंबरची आरटीओत नोंदही बिरुदेवला करून देतो.

मेंढरांचं मला ठाऊक नाही. तुमचा तो एक दम माझ्या हातचा आहे, एवढं मात्र ठाऊक आहे. पहिल्यांदा बांधलं तेव्हा मी नवशिका होतो, काहीतरी चुकलं, ते मला कधी सापडलं नाही. तुम्ही तक्रार केली नाही, म्हणून मीही गप्प बसलो. आता सव्वीस वर्षांच्या गाडीपुढं कबूल करतो. तो दम नव्या इंजिनात घालून द्या म्हणालात तर मला जमणार नाही.

वहिनींना सलाम. लोभ असू द्या.

आपला,
फकीर


मैंदर्गी
रविवार, १६ मार्च २०२५

श्री. फकीरभाई यांस, ज्ञानूचा रामराम. वि. वि.

तुमचं पत्र वाचून त्याच दिवशी बिरुदेवला हो म्हणालो. गाडी घरी आली. काम चोख आहे. भरली टाकी घेऊन खिंड एका दमात चढते, धूर नाही, वास नाही. बिरुदेव पुन्हा बोलायला लागला.

पहिल्या दिवशी मेंढरं नुसती बघत राहिली. मी काठी घेऊन धावलो, धाप लागली, मनात म्हटलं, भीती होती तेच झालं. दुसऱ्या दिवशी म्हातारी मेंढी चार पावलं आली. तिसऱ्या दिवशी सगळी आली. तेव्हापासून एकही कोकरू गेलं नाही.

गुरुवारी दुपारी लिंबाखाली बसलो होतो. ऊन असं की लांबचा माळ पाण्यावर तरंगल्यासारखा. मेंढरं उठली आणि माझ्या दोन्ही अंगांनी वाहत गेली, मी मधे धोंड्यासारखा. कशाला पळतात ही, असं वाटलं. मी आपला कान लावून बसलेलो. बिरुदेव येऊन उभा राहिला. आबा, बरं वाटत न्हाय का, डोण्या कोन मांडणार, म्हणाला. मी म्हटलं, टेम्पो येऊ दे की. तो बाजूला सरला. मग त्याच्या मागं उभी असलेली आपली गाडी मला दिसली.

जुनं परत बसवा असं मी म्हणत नाही. म्हणणारही नाही. बिरुदेव सांगतो की ते तुमच्या गॅरेजात भिंतीला टेकवून ठेवलंय. तुमची ईद झाली की मी सोलापूरला येतो. त्याला जमिनीवर ठेवून, डिझेलची नळी लावून, घडीभर चालू करता येईल का? जास्त नको. चार ठोके आणि तुमची ती चूक, एवढंच.

भंगारवाल्याला दिलं नसेल तर तोवर थांबा. दिलं असेल तर तेही स्पष्ट लिहा, म्हणजे मी रोज दुपारी कान लावून बसणार नाही. काहीही असो, दोन ओळी लवकर टाका.

आपला,
ज्ञानू