सिरियस म्हणजे काय

सोलापूर, शुक्रवार, चैत्र वद्य पंचमी

आज गोविंदरावांची किळस आली. शेजारच्या लक्ष्मम्माचा नवरा गिरणीच्या पट्ट्यात सापडला, म्हणून तिच्याबरोबर इस्पितळात गेलो. गोरा डॉक्टर "सिरियस" एवढंच म्हणून आत गेला. गिरणीचे हेडक्लार्क गोविंदराव तिथंच पान चघळत उभे. मी तोंड उघडण्याआधी म्हणाले, "बाई, सिरियस म्हणजे गंभीर. शांत पडलाय तो. घरी जा, उद्या या."

ती बिचारी निघालीसुद्धा!

मी म्हणालो, "अहो, माणूस सिरियस म्हणजे गंभीर स्वभावाचा. रोगी सिरियस म्हणजे जिवावर बेतलेलं!"

"मास्तर, तुमचं इंग्रजी शाळेत शिकवा." परत पान चघळणं सुरू.

धावत जाऊन तिला फाटकाशी गाठलं. "लक्ष्मम्मा, जगेल की नाही सांगता येत नाही. आत चल."

"मग सायेब घरी जा का म्हनले?"

गोविंदरावांना खरंच अर्थ कळला नव्हता, की रडारड नको म्हणून तिला घालवत होते?

दिवेलागणीला तो गेला. हात तिच्या हातात होता, एवढं तरी झालं.

बाहेर गोविंदराव पिंक टाकून म्हणाले, "मीही गंभीरच म्हणालो होतो की."