नको म्हटलेली लाल फीत

हैदराबाद, रविवार

शिवकन्या आक्कास, बबलूचा नमस्कार.

आज लिहू, उद्या लिहू म्हणत राहूनच गेलं. तुझा फोन दाजी बघतात, म्हणून पत्र.

मी मजेत हाय, जेवण बराबर होतं. माझ्यासारख्या, पुरुषांवर जीव असणाऱ्या पोरांचे सिनेमे इथं महोत्सवात लागलेत. वाटेत कबुतरांचा बाजार बघत बसलो अन् पहिला सिनेमा अर्धा हुकला.

थेटराच्या दारात एक पोरगी मनगटाला लाल फीत बांधत होती. मला वाटलं, लग्नात सोयऱ्यांना टावेल-टोपी करतात तसा मान असंल. रीतीप्रमाणं लाजून म्हणलं, "राहू द्या, आम्हाला कशाला?" इथं दुसऱ्यांदा आग्रह करत न्हाईत. ज्यांना फोटो नको त्यांच्यासाठी ती फीत होती, हे मंग कळलं.

फीत न्हाई म्हणून त्यांनी माझा फोटो काढून नेटवर टाकला, अन् तो चुलत्याच्या परमेश्वरनं मोबाईलवर पाहिला. काल त्याचा फोन आल्ता. शिव्या न्हाईत, गोडच बोलला. "कोणत्या लॉजवर हायेस, राजा?" मी सांगून बसलो.

आबांना त्यानं दाखवला असंल का गं? आईची कंबर कशी हाय?

मॅनेजर खालून हाक मारून राह्यला. खिडकीतून पाहिलं, तर शेरडं सोडून कधी जालन्यालाही न गेलेले आपले आबा दारात उभे हायेत. परमेश्वर गाडीतच बसलाय, गाडी चालू ठेवून.

तुझा बबलू